पडद्यामागची नोकरी आणि आपली शाळा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



साठ वर्षांपूर्वी भाड्याच्या दोन खोल्यांत ही शाळा सुरू झाली. रस्त्यावर तेलुगू, बाजारात उर्दू आणि कचेरीत इंग्रजी अशा या हैदराबाद शहरात मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालवणे ही सामान्य गोष्ट नाही. तिचा इतिहास, निकालांची कमान आणि देणगीदारांची नामावली या स्मरणिकेत अन्यत्र आलेली आहे. ती येथे पुन्हा वाचून दाखवण्यात मी आपला वेळ घेत नाही. हीरक महोत्सवात शाळेने आपले कौतुक ऐकावे हे रीतीला धरून आहे. परंतु साठीला आलेल्या माणसाने एकदा आपला हिशेबही पाहावा, असे मला वाटते. त्या हिशेबातली एक नोंद आज मी आपल्यासमोर ठेवणार आहे. तिचा विषय आहे मनोरंजनाच्या धंद्यात नोकरी करणारी आपली मुले.

मी या शाळेत प्रथम आले तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत ‘व्यवसाय’ या रकान्यात ठरावीक शब्द दिसत : बँक, रेल्वे, वीज मंडळ, शिक्षक, क्वचित डॉक्टर. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्याच रकान्यात ॲनिमेशन, व्हीएफएक्स, साउंड, एडिटिंग, गेमिंग, वाहिनी असे शब्द येऊ लागले. माधापूर-गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतींत आपली मुले रात्रंदिवस बसून सिनेमातले डोंगर उभे करतात, नद्यांना पूर आणतात, वाघ चालवतात. चित्रपट संपल्यावर नावांची जी लांबलचक यादी पडद्यावरून सरकते तिच्यात कधी ओळखीचे आडनाव दिसले, की मी खुर्चीतून उठत नाही. तोवर सफाई करणारे लोक आत आलेले असतात, दिवे लागलेले असतात आणि नाव नीट वाचून होण्याआधीच ते वर निघून जाते.

या मुलांचा मला अभिमान आहे, हे आधी सांगते. कारण पुढे जे बोलणार आहे त्यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की मी या क्षेत्राच्या विरुद्ध आहे.

काही वर्षांपूर्वी, मार्चच्या परीक्षांच्या धामधुमीत, आपला एक माजी विद्यार्थी माझ्या खोलीत आला. त्याचे नाव मी सांगणार नाही. त्याची परवानगी घेऊनच मी हे बोलत आहे आणि नाव न घेण्याची त्याची अट आहे. शाळेत असताना दर गणेशोत्सवात मखराचे चित्र तोच काढी. जिन्याखालच्या भिंतीवरचा तो मोर त्याच्याच हातचा. दोनदा रंग देऊनही तो मी पुसू दिलेला नाही. त्याला दहावीच्या मेमोची प्रमाणित प्रत हवी होती. मी विचारले, “मूळ मेमो कुठे हरवलास?” तो म्हणाला, “हरवला नाही, बाई. कंपनीत आहे.”

मला ते कळले नाही. मग त्याने सांगितले. एका स्टुडिओत तो नोकरीला लागला होता. पहिले तीन महिने प्रशिक्षण म्हणून विनावेतन. त्यानंतर दोन वर्षे नोकरी सोडणार नाही असा बाँड, आणि हमी म्हणून दहावी, बारावी व पदवीचे मूळ कागद कंपनीच्या कपाटात. काम रोटोस्कोपीचे. पालकांपैकी अनेकांना हा शब्द नवा असेल, म्हणून थोडे सांगते. पडद्यावरच्या नायकामागचा हिरवा पडदा किंवा साधी भिंत काढून तिथे राजवाडा बसवायचा, तर नायकाची बाह्यरेषा आधी कापून वेगळी करावी लागते. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चौकटी असतात. म्हणजे दहा सेकंदांच्या तुकड्यात दोनशे चाळीस चौकटी. प्रत्येक चौकटीत नायकाचा हात, बोटे, उडणारे केस यांच्या कडेने रेषा फिरवत जायची. काम चोख झाले तर ते कोणालाच दिसत नाही. चुकले तरच दिसते.

हे काम तो रोज चौदा ते सोळा तास करीत होता. प्रदर्शनाची तारीख जवळ आली की घरी जायचे नाही; टेबलाखाली चादर अंथरून दोन-तीन तास पडायचे. जादा तासांचे पैसे नाहीत, रात्री मागवलेली बिर्याणी तेवढी. पगार दोन-दोन महिने उशिरा. आणि प्रमुखाची भाषा अशी, की ती मुख्याध्यापिकेसमोर त्याला उच्चारता येईना. “ते सगळ्यांनाच तसं बोलतात, बाई,” एवढेच तो म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी मुलाखत द्यायची होती, तिथे कागद दाखवावे लागणार होते, म्हणून प्रत हवी होती.

आता माझी नोंद. मी त्याला काय सांगितले? एम.ए., बी.एड. झालेल्या, पंचवीस वर्षे मुलांना शिकवलेल्या बाईने सांगितले, “अरे, सुरुवातीला सगळीकडे असंच असतं. दोन वर्षं कळ काढ. तुझ्या आवडीचं काम मिळालंय, ते सोडू नकोस. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.” तो “हो, बाई” म्हणाला. शाळेत असतानाही तो असेच “हो, बाई” म्हणत असे. मेमोच्या प्रतीसाठी अर्ज कुठे करायचा ते मी सांगितले आणि पुढच्या वर्गाच्या प्रश्नपत्रिकांकडे वळले. मुलाखतीची तारीख निघून गेली. तो त्याच कंपनीत राहिला.

त्यानंतर साडेचार महिन्यांनी, सलग दोन रात्री जागून पहाटे पाच वाजता दुचाकीवरून घरी येताना, त्याला झोप लागली. दुभाजकावर गाडी आदळली. गळपट्टीचे हाड मोडले आणि उजव्या हाताचे मनगटही. चित्र काढणाऱ्याचे उजवे मनगट. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्याच्या आई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून तो टिकून राहिला होता हो.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट कृतज्ञता होती. तेच मला अधिक लागले.

त्या दिवसापासून मी या विषयाचे वाचन करू लागले. साहित्याची विद्यार्थिनी असल्याने जे सुचले ते आधी मराठीतच शोधले, आणि मला आढळले की हा प्रश्न आपल्याच भाषेत ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी विचारून झाला आहे.

प्रभात फिल्म कंपनीचे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना नव्याने सांगायला नको. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली ही कंपनी. तिचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. १९३७ चा ‘कुंकू’ आठवा : म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लावलेले लग्न मान्य करायला ठाम नकार देणारी नीरा. ती भूमिका शांता आपटे यांची होती. पडद्यावरच्या त्या नकाराला देशभर टाळ्या पडल्या. पुढे दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, करार आणि पगाराच्या वादातून त्याच शांताबाई प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. त्या काळी एका अभिनेत्रीने आपल्याच कंपनीच्या दारात असे बसावे, ही केवढी गोष्ट होती! पाठोपाठ १९४० मध्ये त्यांचे एक पुस्तक आले : ‘जाऊ मी सिनेमात?’ शीर्षकातच प्रश्न आहे. सिनेमात येऊ पाहणाऱ्यांपुढे या धंद्यातली माणसे कशी राबवली जातात, हे मांडण्याचे धैर्य त्या नटीने मराठीत दाखवले.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. प्रभात ही काही वाईट कंपनी म्हणून प्रसिद्ध नव्हती. उलट शिस्त, महिन्याचा पगार आणि घरच्यासारखे वातावरण यांसाठी तिचे नाव होते. तिने मराठी माणसाला केवढे दिले! आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. काम उत्तम होत असणे आणि काम करणाऱ्याला न्याय मिळत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शहराच्या जवळचे आहे. ‘लाइफ ऑफ पाय’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल : पाँडिचेरीचा एक मुलगा, एक नाव आणि एक वाघ. तो वाघ बव्हंशी संगणकावर घडवला होता, आणि तो घडवणारी ‘रिदम अँड ह्यूज’ ही कंपनी मूळची लॉस एंजेलिसची असली तरी तिच्या शाखा मुंबईत आणि येथे हैदराबादेतही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये या चित्रपटाला दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले. त्याच महिन्यात, सोहळ्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला होता आणि शेकडो कलावंतांची नोकरी गेली होती. पुरस्कार समारंभाच्या वेळी सभागृहाबाहेर याच क्षेत्रातले कामगार निदर्शने करीत होते. आत, पुरस्कार घेणाऱ्याने कंपनीवर ओढवलेल्या संकटाचा उल्लेख सुरू करताच संगीत वाढवण्यात आले आणि ध्वनिक्षेपक बंद झाला.

हे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. नुसत्या हळहळीने काही होत नाही. अशी कामे बहुधा ठरावीक रकमेच्या बोलीवर घेतली जातात. इतकी दृश्ये, इतके पैसे. पुढे दिग्दर्शकाने दृश्य दहा वेळा बदलायला लावले तरी रक्कम बहुतेक वेळा तीच राहते. प्रदर्शनाची तारीख हलत नाही, कारण चित्रपटगृहे आणि जाहिराती आधीच ठरलेल्या असतात. रक्कम वाढत नाही, तारीख हलत नाही. मग ताणली जाऊ शकणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे माणूस. वरच्याने खालच्याला, खालच्याने त्याच्याखालच्याला ताणायचे, आणि शेवटी ताण येतो तो मनगटावर. प्रमुखाची शिवराळ भाषा ही नेहमीच त्याच्या स्वभावातून येते असे नाही. पुष्कळदा ती या चुकीच्या हिशेबातून येते. त्यामुळे ती क्षम्य ठरत नाही. पण ‘साहेब बदलला की सगळे ठीक होईल’ ही आशा मात्र खोटी ठरते.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारच्या भाषेचे, विशेषतः मुलींच्या पालकांसाठी. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या हल्ल्यानंतर मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रिया संघटित झाल्या. त्यांच्या मागणीवरून केरळ सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली तिघींची समिती नेमली. ज्येष्ठ अभिनेत्री शारदा तिच्या सदस्य होत्या. समितीने ३१ डिसेंबर २०१९ रोजी अहवाल दिला. तो, काही भाग वगळून, जनतेपुढे आला ऑगस्ट २०२४ मध्ये. साडेचार वर्षांहून अधिक काळ तो कपाटात होता. लैंगिक छळाच्या हकिगतींची त्यानंतर सर्वत्र चर्चा झाली. पण त्याच अहवालातल्या दोन साध्या गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधते. चित्रीकरणाच्या जागी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसणे, आणि लेखी करार नसणे. मोठा अन्याय एकदम येत नाही, पालकहो. आधी स्वच्छतागृह नसते, मग कागद नसतो, मग बोलण्याला धरबंध राहत नाही.

या सगळ्या वाचनातून मला तीन गोड शब्दांची भीती वाटू लागली आहे. ते शब्द आपण सगळे वापरतो, मीसुद्धा.

पहिला शब्द ‘आवड’. आवडीचे काम मिळाले, मग पैशांचे काय विचारता? जणू गवयाला भूक लागत नाही! आवड ही कामगाराची ठेव आहे; मालकाने तिच्यावर व्याज खायचे नसते.

दुसरा शब्द ‘संधी’. ‘तुला नको असेल तर बाहेर शंभर जण रांगेत उभे आहेत.’ हे वाक्य खरे असते, म्हणूनच ते चालते. पण रांग मोठी आहे म्हणून आत असलेल्याला कसेही वागवण्याचा परवाना मिळत नाही.

तिसरा शब्द ‘कुटुंब’. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ आपल्या मराठी मनाला हा शब्द फार लवकर भिडतो, कारण परप्रांतात आपण कुटुंब शोधतच असतो. पण घरात कोणी मूळ कागद ओलीस ठेवत नाही. हिशेब टाळायचा असला की नाते पुढे केले जाते, हे ओळखायला मुलांना शिकवले पाहिजे.

काही पालक मनात म्हणत असतील, “म्हणूनच आम्ही सांगतो, इंजिनिअर हो, सरकारी परीक्षा दे, या नाटक-सिनेमाच्या फंदात पडू नको.” मी या मताशी सहमत नाही. ज्या मुलाच्या हातात मोर आहे त्याला आपण हिशेबनीस केले, तर एक मोर आणि एक हिशेबनीस दोन्ही बिघडतील. शिवाय असे वातावरण केवळ सिनेमाच्या कंपन्यांत असते आणि इतरत्र नसते, असे थोडेच आहे? दवाखान्यात, वकिलांच्या कार्यालयांत, संगणकाच्या कंपन्यांत काम करणारे आपले माजी विद्यार्थी येथे बसले आहेत. त्यांनी माना हलवलेल्या मला व्यासपीठावरून दिसत आहेत. मुलांना आपण दाराशी अडवायचे नाही. आत कसे उभे राहायचे ते शिकवायचे.

हेही खरे, की कलेत जागरणे असतात. नाटकाच्या आदल्या रात्री कोणी घड्याळ पाहत नाही. कष्ट आणि छळ यांत फरक कसा करायचा, असे मला त्या विद्यार्थ्याने बरे झाल्यावर विचारले. मी बराच विचार करून चार प्रश्न काढले. जागरण कधीमधी आहे की रोजचे? त्याचा मोबदला लिहून ठरला आहे का? ‘आज जमणार नाही’ असे म्हणता येते का, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते? आणि काम पुरे झाल्यावर श्रेय करणाऱ्याच्या नावावर जाते का? चारांपैकी तीन उत्तरे वाईट असतील तर ती तपश्चर्या नव्हे.

आता या भाषणाचा सर्वांत अवघड भाग. दुसऱ्यांच्या कंपन्यांविषयी बोलणे सोपे आहे. गेल्या महिन्यात याच महोत्सवाच्या तालमी चालू होत्या. सांस्कृतिक कार्यक्रम म्हणजे शाळेपुरती मनोरंजन कंपनीच की! नृत्य बसवणाऱ्या आपल्या एक बाई तात्पुरत्या नेमणुकीवर आहेत. त्यांचे मूल लहान आहे. सलग नऊ दिवस मी त्यांना रात्री साडेआठपर्यंत थांबवले. एक दिवस त्यांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा मी हसून म्हटले, “आपलीच शाळा आहे ना!” त्या “हो, बाई” म्हणाल्या. घरी जाताना रिक्षात मला ते दोन शब्द ऐकू आले, आणि आवाज त्यांचा नव्हता. मेमो मागायला आलेल्या त्या मुलाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची क्षमा मागितली. तालमीची वेळ साडेसहापर्यंत केली. दोन नृत्ये कमी झाली. काल सायंकाळी ती कोणालाही कमी वाटली नाहीत. जादा तासांचे मानधन देण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने मंजूर केला, याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. ही फुशारकी म्हणून सांगत नाही. चांगल्या हेतूचा माणूस चांगल्या कामासाठी किती सहज तोच साहेब होतो, हे मला स्वतःत दिसले, म्हणून सांगते.

आणि मग मुळाशी यावे लागते. ‘हो, बाई’ हे शब्द त्यांना कोणी शिकवले? आम्हीच. साठ वर्षे आम्ही मुलांना सांगितले : मोठ्यांना उलट बोलू नये, दिलेले काम पुरे करावे, कुरकुर करू नये. हे संस्कार चुकीचे नव्हते. पण ते अपुरे होते. पाठ्यपुस्तकात सोसणाऱ्यांचे धडे आम्ही रंगवून शिकवले. योग्य वेळी, योग्य शब्दांत, लेखी तक्रार कशी करावी हे पत्रलेखनाच्या पाच गुणांपुरते ठेवले. आणि त्या पत्राचा विषयही बहुधा ‘गल्लीतील कचरा’ एवढाच!

म्हणून हीरक महोत्सवी वर्षात शाळेने काही निश्चय केले आहेत आणि आपल्याकडे काही मागणे आहे.

शाळेचा निश्चय असा : या वर्षापासून नववी-दहावीला आठवड्यातील एक तास कामाच्या जगाविषयी. नेमणूकपत्र कसे वाचावे, त्यात वेतन, तास, सुट्टी, सोडण्याची मुदत कुठे पाहावी, न समजलेले वाक्य सही करण्यापूर्वी कोणाला विचारावे. चित्रपट कामगारांशी लेखी करार झाला पाहिजे, असा कायदा आपल्या देशात १९८१ मध्ये झाला. कामाच्या जागी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा अधिक माणसे जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. हे दहावीच्या मुलीला पाठ असायला हवे, जसे पसायदान पाठ असते.

पालकांना विनंती : मुलाने पहिल्या नोकरीची बातमी दिली की ‘पगार किती?’ याच्या पुढचे दोन प्रश्न विचारा. ‘तास किती?’ आणि ‘कागद कुठे आहेत?’ मूळ प्रमाणपत्रे दाखवायची असतात, ठेवून घ्यायला द्यायची नसतात. रोज किती वाजता आत गेलो, किती वाजता बाहेर पडलो, हे एका साध्या वहीत लिहून ठेवायला सांगा. आणि मुलगा किंवा मुलगी एखाद्या रात्री फोनवर ‘आई, मला इथे नको’ असे म्हणाली, तर आधी ऐकून घ्या. शेजारच्यांचा मुलगा अमेरिकेला गेला, हे त्या क्षणी सांगू नका.

माजी विद्यार्थ्यांना विनंती : तुमच्यात वकील आहेत, डॉक्टर आहेत, मोठ्या कंपन्यांत माणसे नेमणारे आहेत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दोन तास शाळेचे वाचनालय उघडे राहील. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी पाळीपाळीने तिथे बसावे. धाकट्या भावंडांनी नेमणूकपत्र घेऊन यावे, तक्रार घेऊन यावे, किंवा नुसते बोलायला यावे. त्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हेच झाले. अपघातानंतर आपल्याच एका माजी विद्यार्थी वकिलाने कंपनीला दोन पानी पत्र लिहिले. धमकी नाही, शिवी नाही. फक्त तारखा, तास आणि मागणी. अकराव्या दिवशी तिन्ही मूळ कागद घरपोच आले. थकलेला पगार मात्र पूर्ण आला नाही, हेही सांगितले पाहिजे. जे दोन पानांनी अकरा दिवसांत झाले, ते मी त्या मार्चमध्ये एका फोनवर घडवून आणू शकले असते.

आणि ज्यांच्या हाताखाली आज दहा-वीस माणसे आहेत अशा माजी विद्यार्थ्यांना एक वेगळी विनंती. तुमच्या कचेरीत कोणी ‘हो, सर’, ‘हो, मॅडम’ म्हणाले, तर क्षणभर थांबून त्या व्यक्तीच्या चेहऱ्याकडे पाहा. शाळेचे नाव तुम्ही मोठे केलेत, असे आम्ही म्हणू ते तुमच्या पदावरून नव्हे. तुमच्या हाताखालची मुले किती वाजता घरी जातात यावरून.

तो विद्यार्थी आता दुसऱ्या, लहानशा स्टुडिओत आहे. मनगट पूर्वीसारखे वळत नाही, थंडीत दुखते. पण तो चित्रे काढतो आहे. त्याच्या टीममध्ये पाच जण आहेत आणि रात्री आठनंतर थांबायचे असेल तर तो प्रत्येकाला विचारतो, असे त्याच्या आईंनी मला सांगितले. तो आज या सभागृहात आहे की नाही, हे मी सांगणार नाही. असलास तर बाळा, त्या दिवशीचे माझे उत्तर चुकले होते, हे चारचौघांत सांगण्यासाठी मी आज उभी राहिले.

शेवटी एकच. मी लातूरकडून लग्न होऊन या शहरात आले तेव्हा रिक्षावाल्याच्या, भाजीवालीच्या तोंडी ‘नक्को’ हा शब्द ऐकून मला फार मौज वाटली होती. हैदराबादी दखनीतला हा शब्द आपल्या मराठी ‘नको’वरून आलेला. केवढ्या भाषांच्या या शहराने आपल्याकडून जे शब्द उचलले, त्यांत नकाराचा शब्द आहे! आपल्या मुलांना मात्र तो उच्चारायला आम्ही शिकवले नाही. साठ वर्षे या शाळेने ‘हो’ चांगले शिकवले. पुढच्या वर्षांत, तितक्याच सभ्यपणे आणि शुद्ध मराठीत, ‘नको’ही शिकवू.